आवाज न चढणारं घर

आमच्या ऑफिसात कुणाला मूल झालं आणि पेढ्यांचा पुडा टेबलाटेबलावरून फिरू लागला, की मयेकरकाका आपला पेढा तोंडात टाकत नसत. एका कोऱ्या कागदावर ठेवून, कागदाची टोकं दुमडून ते तो ड्रॉवरमध्ये सरकवत आणि नव्या बापाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "पेढा नंतर. आधी खाली चल."

खाली म्हणजे कॅन्टीनमध्ये. कोपऱ्यातल्या टेबलावर दोन कटिंग मागवून ते त्या माणसाची शिकवणी घेत. मुलगा की मुलगी, वजन किती, कुणावर गेलंय, असलं काही त्यांनी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. त्यांचा प्रश्न ठरलेला. "झोपतं का?" झोपत नाही म्हटलं की खूश होत. "म्हणजे जागं पोर आहे. तुझी झोप संपली आता. ऐक."

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या कचेरीत आम्ही दोघं होतो. ते स्टोअर्स विभागाचे मुख्य, मी अकाउंट्समध्ये. माझ्याहून वीस-एक वर्षांनी मोठे. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट. मूळचे मालवणकडचे, राहायला शहाडला. बोलणं इथलंच, पण माणूस आवडला की त्यात एखादा 'मेल्या' यायचा. आणि बोलायचे तर किती. सकाळी आल्यापासून संध्याकाळी निघेपर्यंत त्यांचा आवाज मजल्यावर कुठून ना कुठून ऐकू यायचाच. डबा खातानाही थांबत नसत. मयेकर घास कधी गिळतात ते बघायला एकदा माणूस बसवला पाहिजे, असं आमचा शिपाई म्हणायचा.

ओम झाला तेव्हा माझीही शिकवणी झाली. "पहिलं वर्ष आईचं," काका म्हणाले. "आपण हमाल. सामान उचलायचं आणि गप्प बसायचं. चालायला लागला की ये माझ्याकडे, मग खरं काम." त्या वाक्याचा मला तेव्हा आधार वाटला. वर्षभर मी मन लावून हमाली केली.

ओम चालायला लागलाच नाही. तो एकदम पळाला. डोंबिवलीला आमचं तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर, आणि त्या दोन खोल्यांत त्याने जितकं अंतर कापलं असेल तितकं मी आयुष्यात कापलेलं नाही. ओट्यावर चढायचा. टीव्हीच्या मागे शिरायचा. वैशालीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, कपाटाच्या किल्ल्या त्याने खिडकीतून खाली टाकल्या आणि त्या पडताना काय आवाज येतो ते कान लावून ऐकलं. दाराची कडी काढून दोनदा जिना उतरला. शेजारच्या काकू म्हणायच्या, "वांड आहे हो तुमचं पोर." त्या हसून म्हणायच्या, पण त्यांच्या घरात शिरला की आधी काचेचं सामान उचलायच्या.

मी मयेकरकाकांकडे गेलो. त्यानंतर दोन-तीन वर्षं आठवड्यातून एकदा तरी जातच होतो.

त्यांनी सांगितलेलं पुष्कळसं आजही खरं आहे, म्हणून इथे लिहितो. कडी वर बसव, ते म्हणाले, तुझा हात पोचेल आणि त्याचा पोचणार नाही अशी. पळणाऱ्या पोराच्या मागे पळू नकोस, त्याला वाटतं खेळ चाललाय, वाट बदलून त्याच्या पुढे जाऊन उभा राहा. "नको" म्हणू नकोस, "इथे" म्हण. भिंतीवर नको, म्हटलंस तर त्याला भिंतच ऐकू येते. पाटीवर इथे, असं म्हण. बाजारात नेताना त्याला काम दे, कोथिंबिरीची जुडी त्याने धरायची, हात अडकला की पाय ताब्यात राहतात. लग्नाकार्याला उपाशी नेऊ नकोस. भुकेलं पोर आणि दमलेलं पोर एकसारखंच रडतं, बापाला फरक कळत नाही, म्हणून आधी खायला घाल, मग विचार कर. आणि आंघोळीच्या वेळी बादलीत दोन वाट्या टाकून त्याला पाण्यात बसव, तेवढ्यात तू पेपर वाच.

हे सगळं मी केलं आणि सगळं लागू पडलं. ओम कोथिंबीर अशी धरायचा की जणू मिरवणुकीतलं निशाण आहे. भाजीवाला त्याला 'कोथिंबीर शेठ' म्हणायचा. मी काकांना सांगितलं की ते मांडीवर थाप मारत. "अरे मेल्या, पोरं वाढवणं म्हणजे स्टोअर्स सांभाळणं. कुठला माल कुठे ठेवला की हाताशी राहतो, एवढं कळलं की झालं."

असा माणूस पाच गोष्टी बरोबर सांगतो तेव्हा सहावी आपण तपासून घेत नाही.

वैशालीच्या मामेबहिणीचं लग्न होतं, डोंबिवलीतच, एका हॉलमध्ये. ओम चार वर्षांचा. मंगलाष्टकं सुरू असताना तो माझ्या हातातून निसटला, अंतरपाटाखालून घुसला आणि नवरानवरीच्या मधे उभा राहून त्याने दोघांवर मूठ-मूठ अक्षता टाकल्या. लोक हसले. हसले म्हणून त्याला चेव आला. स्टेजवरून उडी मारून खाली येताना त्याचा पाय समईला लागला, ती आडवी झाली, आणि तेल नवरीच्या आईच्या शालूवर गेलं. मी त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं आणि थोबाडीत मारली. त्याच्या गालावर बोटं उठली. तो रडला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला, मी कुणी दुसराच माणूस आहे असं.

माझ्या वडिलांचा हात मला चांगला माहीत होता. त्यांचा पट्टाही माहीत होता. मूल झालं तर त्याच्यावर हात उचलायचा नाही, एवढी एकच गोष्ट मी लग्नाआधी मनाशी ठरवली होती. त्या दिवशी हॉलच्या बेसिनवर हात धुताना मी तो बराच वेळ धूत राहिलो.

सोमवारी काकांना सांगितलं. त्यांनी कटिंग खाली ठेवलं.

"हात उचललास?"

"हो."

"मग तुझं संपलं. तुझी उडी कुठवर जाते ते त्याला कळलं. आता पुढच्या वेळी जास्त मारावं लागेल."

"मग करू काय, काका? बांधून घालू?"

"अबोला धर."

मी हसलो. "अबोला? काका, तो चार वर्षांचा आहे. अबोला सासवासुनांचा."

"म्हणून तर सांगतोय. बायकांनी घरं चालवली ती काय काठीने? ओरडायचं नाही. मारायचं नाही. जेवायला घालायचं, आंघोळ घालायची, बुटाची नाडी बांधायची, सगळं करायचं. फक्त बोलायचं नाही. बघ, पोर आपणहून येऊन पायाशी बसतं की नाही." मग ते थोडे पुढे झुकले. "आमच्या घरात एकदाही आवाज चढलेला नाही, देसाई. अमोल आता वीस वर्षांचा होईल. उलट उत्तर म्हणून नाही."

वीस वर्षांचा मुलगा आणि उलट उत्तर नाही. मला माझं वीस वर्षांचं वय आठवलं, वडिलांशी झालेली भांडणं आठवली. मयेकरांचं घर मी पाहिलेलं नव्हतं. आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. ते प्रत्येकाच्या बारशाला येत, पण कुणी त्यांच्याकडे यायचं म्हटलं की म्हणत, "शहाड लांब पडतं रे, कशाला तंगडतोड." तरी त्या दिवशी कॅन्टीनमध्ये मला ते घर डोळ्यांसमोर दिसलं. शांत, टापटीप, दिवेलागणीला वडील आणि मुलगा समोरासमोर बसलेले. मला तसं घर हवं होतं.

पहिला अबोला धरायला फार दिवस थांबावं लागलं नाही. त्याच आठवड्यात ओमने पिठाचा डबा हॉलमध्ये उपडा केला आणि त्यावरून पायमोजे घालून घसरगुंडी केली. मी घरी आलो, बघितलं, आणि काही न बोलता पीठ भरू लागलो. त्याला आधी वाटलं मी ओरडणार. तो सोफ्यामागे जाऊन बसला. मी ओरडलो नाही. मग त्याला वाटलं खेळ आहे. वाकुल्या दाखवल्या, माकडासारखे आवाज काढले, आपली लाल गाडी माझ्या पायावरून चालवली. मी त्याला जेवायला वाढलं, हात धुतले, तोंड पुसलं. बोललो नाही. अंथरुणावर पडल्यावर तो माझ्या छातीवर चढून बसला आणि दोन्ही तळव्यांत माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "बाबा, बोल."

मी डोळे मिटून घेतले.

"अरे बोल ना त्याच्याशी," वैशाली अंधारातून म्हणाली. "चार वर्षांचं पोर आहे. तुझी नणंद नाही ती."

"मारत तर नाही ना?"

"मारलं असतंस तर एव्हाना रडून झोपला असता."

सकाळी मी उठलो तेव्हा ओम दाराजवळच्या स्टुलावर बसला होता. हात मांडीवर, पाय जुळवलेले, शाळेच्या फोटोत बसवतात तसा. मला बघून म्हणाला, "मी बसलोय." मी त्याला उचलून घेतलं, त्याचे पापे घेतले आणि ऑफिसात जाऊन मयेकरकाकांना पेढ्यासारखी ती बातमी दिली. ते इतके आनंदले की त्यांनी टेबलावरच्या सगळ्यांना चहा पाजला. "बघ, म्हटलं नव्हतं? आवाज चढला का? नाही ना?"

त्यानंतर मी अबोल्यात तरबेज झालो. अबोला सुरू करायला काही कारण लागायचं, पण संपवायचा कधी हे फक्त माझ्या हातात होतं, आणि त्याची गोडी लागते, हे मला कबूल केलं पाहिजे. मारणाऱ्या बापाला निदान मागाहून लाज वाटते. मला अभिमान वाटायचा. आधी एखादी संध्याकाळ, मग रात्र उलटू लागली, मग तो शाळेत जायला लागला तसे एकेक दिवस वाढत गेले. खिडकीपाशी तो उड्या मारेनासा झाला. पाहुणे आले की स्टुलावर जाऊन बसायचा. शेजारच्या काकू काचेचं सामान उचलेनाशा झाल्या आणि म्हणू लागल्या, "किती शहाणा झालाय हो." शाळेतल्या बाईसुद्धा म्हणाल्या, "फार शहाणा मुलगा. वर्गात असून नसल्यासारखा." मी ते वाक्य घरी येऊन वैशालीला हसत सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "आणि तुला ते बरं वाटलं?"

वैशालीच तेव्हापासून आमच्यामधली वाट झाली. तो माझ्या धाकाने तिच्या कानात सांगायचा, मी न बोलण्याच्या हट्टाने तिच्याकडे बघायचो, आणि ती पदराला हात पुसत विचारायची, "त्याला काय सांगू?"

मयेकरकाका निवृत्त झाले तेव्हा ओम दहा वर्षांचा होता. निरोपाच्या दिवशी त्यांनी ड्रॉवर रिकामा केला तर त्यात कागदात बांधलेले कितीतरी पेढे निघाले, दगडासारखे झालेले. ते मधुमेही होते आणि त्यांना कुणालाही नाही म्हणायचं नव्हतं, एवढंच होतं ते. आम्ही खूप हसलो. घरी कुणाला नेऊन का दिले नाहीत, असं कुणी विचारल्यावर म्हणाले, "राहून गेलं रे."

पुढच्या वर्षीची गोष्ट. ओमने चाचणीचे मार्क माझ्यापासून लपवले. मी अबोला धरला. एक दिवस गेला, दुसरा गेला. तो उठत होता, जेवत होता, शाळेत जात होता, येऊन अभ्यास करत होता. स्टुलावर येऊन बसला नाही. मी वाट बघत राहिलो. आठवडा होत आला तेव्हा मीच जाऊन विचारलं, "अभ्यास झाला का?" त्याने वर बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. "हो," म्हणाला आणि पुन्हा वहीत बघू लागला. माझ्या मुलाची शिकवणी पूर्ण झाली होती.

त्यानंतर आमच्यात भांडण असं झालंच नाही. होतच नव्हतं. दहावी, बारावी, कॉलेज. कुठल्या कॉलेजात जायचं ते त्याने आईला सांगितलं. आजारी पडला ते आईला सांगितलं. मी समोर बसलेला असताना तो आत जाऊन म्हणायचा, "आई, बाबांना सांग, गॅसवाला येऊन गेला." आमच्या घरातही आवाज चढत नव्हता.

दोन वर्षांपूर्वी मयेकरकाकूंच्या निधनाचं कळलं आणि मी पहिल्यांदा शहाडला त्यांच्या घरी गेलो. स्टेशनपासून चालत जाण्यासारखं, लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. काका खुर्चीत बसले होते, फार वाळले होते. मी पाया पडलो. त्यांची नात, पाच वर्षांची मीरा, घरभर भिरभिरत होती, आणि मला क्षणभर वाटलं की काकांच्या सगळ्या शिकवण्या आता हिच्या कामी येत असतील. आतल्या दारात अमोल उभा होता. पस्तिशीचा, बापासारखाच उंच. मला नमस्कार करून तो मुलीला म्हणाला, "मीरा, आजोबांना विचार, पाहुणे चहा घेणार का."

मीरा चार पावलं पळत आली. "आजोबा, पाहुणे चहा घेणार का?"

"बाबांना सांग, घेणार. साखर कमी."

मीरा चार पावलं पळत गेली. "बाबा, घेणार. साखर कमी."

दोघं एकमेकांपासून इतक्या जवळ होते की काकांनी हात लांब केला असता तर मुलाला लागला असता. चहा आला तोही मीराच्या हातून. ती दोन्ही हातांनी बशी धरून, जीभ बाहेर काढून, अजिबात न सांडता आली. अमोल आत गेला.

मी हळू विचारलं, "काका, कधीपासून?"

"कधीपासून काय?" म्हणाले, पण कळलं होतं. "बारावीनंतर. त्याला चित्रकला करायची होती. मी म्हटलं, इंजिनिअरिंगचा फॉर्म भरेपर्यंत मी तुझ्याशी बोलणार नाही. त्याने भरला नाही. मग काय. मी म्हटलं येईल चार दिवसांनी. तो म्हणाला असेल बाबा येतील. ही होती ना मध्ये, चाललं."

"म्हणजे मला सांगत होतात तेव्हा…"

"तेव्हा झाली असतील दोनेक वर्षं." मग घाईने म्हणाले, "मी खोटं काही बोललो नव्हतो हां, देसाई. आवाज चढला नव्हता. उलट उत्तर नव्हतं."

"आणि लहानपणी? चार वर्षांचा असताना?"

"लहानपणी कसला अबोला? लहानपणी तो कुठे माझ्या वाट्याला आला? मी निघायचो तेव्हा झोपलेला, यायचो तेव्हा झोपलेला. हीच बघायची. ते कोथिंबिरीचं वगैरे हिचंच सगळं. ती करायची ते मी येऊन तुम्हाला सांगायचो." त्यांनी बशीत चहा ओतला. मग एकदम थांबून माझ्याकडे बघितलं. "का रे? तू खरंच धरलास? ओमशी?"

मी मान हलवली.

"एवढ्याशा पोराशी? अरे मेल्या, मी ऑफिसात बोलायचो रे. ऑफिसात माणूस काय वाटेल ते बोलतो. घरी गेल्यावर तोंड उघडायची सोय नव्हती, म्हणून दिवसभर बोलून घ्यायचो. आणि तू जाऊन केलंस?"

त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण थोडं हसूही होतं, एखाद्याने थट्टेत सांगितलेलं औषध खरंच पिणाऱ्या वेड्याला हसावं तसं. मला ते हसू सहन झालं नाही. चहा अर्धा ठेवून मी उठलो. काका दारापर्यंत आले. "येत जा रे," म्हणाले. "तू आलास की बोलता येईल."

मी गेलो नाही. त्यांचे फोन यायचे, दुपारच्या वेळी, जेवणाच्या सुट्टीत, त्यांना ती वेळ पाठ होती. स्क्रीनवर नाव दिसायचं आणि मी फोन उलटा ठेवायचो. चूक माझी होती हे मला कळत होतं. माझी हनुवटी धरणारी चार वर्षांच्या पोराची बोटं त्यांनी झिडकारली नव्हती, मी झिडकारली होती. वैशालीने अंधारातून हटकलं होतं ते मलाच, त्यांना नाही. तरीही कुणाला तरी शिक्षा करायची होती, आणि मला शिक्षेचा एकच प्रकार येत होता. पुढे पुढे फोन कमी झाले. मग थांबले. मी मनाशी म्हणत होतो, एकदा जाईन.

काका गेल्याचं कळलं ते उशिरा. दहाव्याला तरी जायचं म्हणून मोहन्याच्या बाजूला उल्हास नदीच्या काठी गेलो. माणसं थोडीच होती. अमोलने डोक्याचे केस उतरवले होते. मीराला घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून तिलाही आणलं होतं. ती आईचा हात सोडवून घेऊन पायऱ्यांवर वरखाली करत होती, आणि तिच्यामागे न पळता तिची आई दोन पायऱ्या खाली जाऊन उभी राहिली. ती रीत कुणाकडून आली असेल, हे मला आता ठाऊक होतं. सासूकडून.

पिंड मांडले. कावळे होते, बरेच होते, भिंतीवर ओळीने बसले होते. एकही खाली येईना. ही आमच्याकडची रीतच आहे, गेलेल्या माणसाचं काही मनात राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, आणि मग घरच्यांनी मोठ्याने बोलून त्याला शब्द द्यायचा. काकांच्या मेहुण्याने हात जोडून सांगितलं, पोरांची काळजी करू नका. पुतण्याने सांगितलं, गावच्या देवाचं आम्ही बघू. सुनेने सांगितलं, मीराला खूप शिकवू. मीही पुढे झालो. मला म्हणायचं होतं, काका, फोन उचलला नाही, चुकलो. तोंडातून फक्त "काका" एवढंच आलं. कावळे तसेच.

गुरुजी म्हणाले, "मुलाने बोलायला हवं. वडिलांशी बोला. काय राहिलं असेल ते तुम्हालाच माहीत."

अमोल हात जोडून उभा होता. त्याने तोंड उघडलं. घसा हलताना दिसला. मेहुणे मागून म्हणाले, "अरे बोल ना बाळा, नुसतं 'बाबा' म्हण." त्याने पुन्हा तोंड उघडलं. ऊन डोक्यावर येत होतं. तो रडत नव्हता, हट्ट करत नव्हता, बोलायचंच होतं त्याला, हे सगळ्यांना दिसत होतं. शब्द निघत नव्हता. अठरा-एकोणीस वर्षं न वापरलेली वस्तू ऐन वेळी सापडत नाही, तसं.

तेवढ्यात मीरा पायऱ्यांवरून पळत आली, बापाचं उपरणं ओढून म्हणाली, "बाबा, मी सांगू आजोबांना? काय सांगू?"

अमोल खाली बसला. त्याने तिला जवळ घेतलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. आम्ही सगळे वाट बघत होतो. बराच वेळ तो तसाच राहिला. मग मीरा मागे सरकून त्याच्याकडे बघत म्हणाली, "बाबा, तुम्ही काहीच नाही बोललात."

गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला.

घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. मी दारात उभा राहिलो. वैशालीने पायावर पाणी घातलं, टॉवेल दिला. ओम आतल्या खोलीत होता, दार लोटलेलं. त्याचं ताट वाढून ओट्यावर झाकून ठेवलेलं दिसत होतं.

"तू आत्ता जेवतोस का?" वैशालीने विचारलं. "म्हणजे त्यालाही बोलावते. त्याला काय सांगू?"

"काही नको सांगूस," मी म्हटलं.

दार ढकललं. ओम पलंगावर मोबाइल घेऊन पडला होता, भिंतीकडे तोंड करून, लांब पाय दुमडून. खोलीत काही हालत नव्हतं. एवढा मोठा मुलगा, आणि किती कमी जागा घेऊन पडला होता. मी हाक मारली. पहिल्यांदा ऐकू आली नसावी. पुन्हा मारली. त्याने वळून बघितलं आणि कानातला एक इअरफोन काढला.

"काय?"

मी पुढचं काही ठरवलेलं नव्हतं. जे होतं ते म्हटलं. "मयेकरकाकांच्या दहाव्याला गेलो होतो. कावळा शिवला नाही."

त्याने भुवया थोड्या वर केल्या. खरंच आठवून बघत होता.

"कोण मयेकर?"

मी पलंगाच्या कडेला बसलो. त्याने पाय थोडे आत घेतले, मला जागा द्यायला की माझा स्पर्श होऊ नये म्हणून, ते कळलं नाही. मी सांगायला सुरुवात केली, पेढ्यापासून. दुसरा इअरफोन त्याने काढला नव्हता.